रिकामा धोटा

"बंद कर आधी ता! बाबीण संपली हा, धोटो रिकामो धावता. आयकाक येणा नाय तुका?"

गुणाजी खुर्चीतून अर्धा उठला होता. माटुंग्याच्या त्या खोलीत माग नव्हताच. होता रघुवीरचा कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर. रघुवीरच्या बँडचा पहिला अल्बम आज बाहेर पडत होता. गाणं नाही, शब्द नाही, नुसते यंत्रांचे आवाज कापून जोडलेले.

"काका, तोच तर बेस्ट पार्ट आहे," रघुवीर म्हणाला. "किती हलका वाजतो बघा ना."

"हलको वाजतलोच. आत सूत नाय."

गुणाजीने परळच्या गिरणीत अठरा वर्षं माग चालवले. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची बाबीण संपली की त्याचा आवाज पातळ होतो. पाठ वळलेली असली तरी त्याला कळायचं. रिकामा माग पळवणाऱ्याची सगळं खातं टर उडवी, खात्याचा मुकादम, जॉबर, आईबहीण काढी ती वेगळीच. गुणाजीवर ती पाळी कधी आली नाही. संपाने नोकरी गिळली. निम्मे कान मागाने त्याआधीच खाल्लेले. राहिलं होतं ते रिकामा माग कधी न पळवल्याचं एवढं नाव.

गेल्या साली माग भंगारात निघाले. त्यातला एक शेवटचा चालवून द्या, आवाज रेकॉर्ड करायचाय म्हणून रघुवीर आला, तेव्हा गुणाजी फुकट गेला. अट एकच: आवाज धड घे आणि खाली माझं नाव घाल. मध्येच बाबीण संपली. तो दुसरी आणायला वळला, सूत संपलं की माग आपोआप थांबवणारा आकडा झिजलेला, माग तसाच धावत राहिला. नेमकं तेवढंच अर्धं मिनिट उचलून या लोकांनी आठ मिनिटं फिरवलं होतं. कव्हरवर छापलं होतं: माग – गुणाजी परब.

"नाव काढ."

"छापून झालं, काका. आणि ऐकणाऱ्यांना कुठे कळतंय?"

"काळाचौकीत माझ्या खात्यातले पाच जण अजून जिते आसत. तेंका तुझा गाणा कळाचा नाय, ह्या कळतला."

रघुवीर हसला. पाच माणसं म्हणजे त्याला काहीच नव्हतं. त्याने सीडी पुढे केली, चहा घेणार का विचारलं. गुणाजीने चपला घातल्या. सीडी तिथेच राहिली.

लालबागला मसाला कुटायच्या डंकावर बायकांची रांग लागली होती. दगडू एकटाच मिरच्या ओतत होता. तोही गिरणीतल्या त्याच खात्यातला; आता दोघं या डंकावर कामाला.

"काय रे गुणाज्या, इली काय तुझी सीडी? आज आयकवतलंस ना?"

"खंयची येता? रद्द झाली ती."

"मेल्या, मी सगळ्यांका सांगून बसलंय!"

"मगे आता नाय म्हणान सांग."

गुणाजीने तोंडाला फडकं बांधलं आणि पुढच्या बाईची पिशवी डंकात रिकामी केली.