खिरापत कोणी ओळखली

गेल्या वर्षी तुमची चुलतबहीण महिनाभर व्हिडिओ कॉलवर आली नाही. तिची परीक्षा आहे, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. परीक्षा नव्हती. तिचं जिवलग मैत्रिणीशी तुटलं होतं. आता ती स्वतःच म्हणते, ‘सांग त्यांना, त्यात काय,’ म्हणून लिहिते.

ही मैत्रीण आमच्याच गल्लीतली. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसायच्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात तिचा वावर माझ्यापेक्षा जास्त होता. दहावीत गेल्यावर एक दिवस सेनगावच्या क्लासला जाताना ती ऑटोत दुसऱ्या मुलींजवळ बसली आणि उतरल्यावर म्हणाली, ‘आता आपण रोज सोबत नको.’ कारण सांगितलं नाही. तुमची बहीण घरी आली ती तोंड भिंतीकडे करून झोपली.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. अडचण आली की वेळापत्रक आखायचं, एवढंच मला येतं. मी तिला म्हटलं, शाळेतून आलीस की आधी रडून घे, मग चहा, मग गणित.

“आजी, रडू काय घंटा वाजली की येतं का?”

“सवयीनं येतं.”

ती हसली नाही. चहा मात्र प्यायली.

तेवढ्यात भुलाबाई बसल्या. तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगते. महिनाभर गल्लीतल्या मुली संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. शेवटी त्या घरची मुलगी खिरापतीचा बंद डबा वाजवते आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. आमच्या घराची पाळी टळण्यासारखी नव्हती.

“मी न्हाई बसत. ती येईल. तिच्यासमोर रडू आलं तर?”

“मग डबा कोण वाजवणार, मी?” तुमची काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाली. “वाजव मुकाट्यानं.”

कुणालाच ओळखता येऊ नये म्हणून तिनं खारवून भाजलेले चिंचोके डब्यात भरले. चिंचोके खिरापत म्हणून कोणी देत नाही. मी फक्त दातांचा मुद्दा मांडला; तो कोणी ऐकला नाही.

गाणी झाली. डबा वाजला.

“फुटाणे!”

“न्हाई.”

“शेंगदाणे!”

“न्हाई.”

“आजीचे दात!”

सगळ्या खिदळल्या. मीही हसले, कारण दात माझे स्वतःचे आहेत. मग मागून ती मैत्रीण मान वर न करता म्हणाली, “चिंचोके. मिठाचे.”

आमच्याच तव्यावर दोघींनी किती वर्षं ते भाजून खाल्ले होते. डबा भरताना तुमच्या बहिणीच्या हे ध्यानात आलं नव्हतं. तिनं डबा पोटाशी धरला. मी चहा टाकायच्या निमित्तानं उठणार होते.

“बराबर,” ती म्हणाली आणि झाकण उघडलं. ओळखणारीला पहिली मूठ, हा नियम. तिनं ती दिली.

मैत्रिणीनं एक तोंडात टाकला. “मीठ जास्त झालं.”

“मग नको खाऊ. बळजबरी हाय का?”

पोरी पुन्हा खिदळल्या. मैत्रिणीनं सगळे खाल्ले. रडलं कोणीच नाही.

मैत्री जुळली नाही. अजूनही जुळलेली नाही. दुसऱ्या संध्याकाळी शेजारच्या घराची पाळी होती. तुमची बहीण न सांगता वेणी घालून निघाली.

“तिथं ती असेल,” मी म्हटलं.

“असू दे की. गल्ली काय तिच्या बापाची हाय?”

‘वडिलांची’, असं मी दुरुस्त केलं, पण तोवर ती फाटकाबाहेर गेली होती.