पिशवी काढल्यावर

कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की श्रीगोंद्यावर मळीचा आंबूस वास पसरतो, आणि मला दवाखान्याबाहेरचा तो बाक आठवतो. पित्ताशय काढून चार महिने झाले होते, तरी जेवलो, की उजव्या बरगडीखाली कळ यायचीच. स्वतःच्या सत्कारांच्या फोटोंखाली बसून डॉक्टरांनी त्या दिवशीही सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे, मनातून काढून टाका." घरचेही तेच म्हणत, त्यामुळे दुखण्याचं सोंग मीच करतोय की काय, अशी मलाच शंका यायला लागली होती. बाहेर येऊन पोट दाबून बसलो. शेजारी कोयता लागलेल्या बोटाला पट्टी करून घ्यायला आलेली एक ऊसतोड बाई होती. "काय झालं, भाऊ?" तिनं विचारलं. "पिशवी काढलीय," मी म्हणालो. आमच्याकडे नुसतं पिशवी म्हटलं, की लोक गर्भाशयच समजतात, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाप्यालाबी पिशवी असती व्हय?" "पित्ताची हो, बाई!" दोघंही इतके हसलो, की माझी कळ दुप्पट झाली. मग ती हळूच म्हणाली, "माझीबी काढलीय, ती दुसरी, बायांची. लई दुखतं, भाऊ. कुनाला पटत न्हाई, पर दुखतं." चार महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणीतरी खरं मानलं होतं. पुढे वर्षभरात माझं दुखणं थांबलं. तिचं किती वर्षं दुखतंय, हे विचारायचं मात्र मला तेव्हा सुचलंच नाही.