हर्निया म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

माझा उजवा वृषण काढला, त्याला दोनेक वर्षं झाली होती. पाहुण्यांना आम्ही हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते मला, बायकोला आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना माहीत.

ठरलेला सीटी स्कॅन करायला गेलो. तिथला माणूस दर वेळी सांगायचा, "इंजेक्शन गेलं की लघवी झाल्यासारखं वाटंल. झाल्याली नसती." तरी मी दर वेळी पँट चाचपायचो. या वेळी रिपोर्ट आला तो वाईट होता. पोटात, कण्याला लागून असलेली एक लसिकाग्रंथी सुजली होती. कॅन्सर परत आला होता.

"परत आलाय" एवढंच कबनूरच्या मामांच्या कानावर गेलं. ते हर्नियाचा पट्टा घेऊनच आले आणि आमच्यासोबत डॉक्टरांच्या केबिनमध्येही शिरले. त्यांना थांबा म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही.

डॉक्टर म्हणाले, "दोन उपाय आहेत. केमो, नाहीतर ऑपरेशन करून तिथल्या ग्रंथी काढायच्या. दोन्हींनी बरं व्हायची शक्यता चांगली आहे. रक्ताचे रिपोर्ट बघता माझा कल केमोकडं आहे. पण ठरवायचं तुम्ही."

"हर्नियाला केमो?" मामांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मामा, हर्निया नव्हता. खालची एक गोटी काढलीय. कॅन्सर होता."

मामांनी माझ्या मांडीकडं बघितलं आणि लगेच वर पंख्याकडं. पंख्याकडं बघतच म्हणाले, "काढून टाकल्यालं परत कसं आलं मग?"

काढायच्या आधीच काही पेशी वर सरकलेल्या असतात, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मग म्हणाले, "केमो घेणार असाल तर आधी वीर्य गोठवून ठेवा. पुढं मूल हवं असेल तर."

बायकोनं मान खाली घातली. आबा मात्र पहिल्यांदाच खुर्चीत सरसावून बसले. "आमच्या म्हशीला गाभण कराया डॉक्टर कांडी आणत्यात, नायट्रोजनच्या टाकीतली. तसलंच न्हवं?"

"तसंच."

"मग काय काळजी न्हाय. टिकतंय ते."

"टाकीवर नाव लिवत्यात का?" मामा म्हणाले. "अदलाबदल व्हायची."

"लिहितात," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

बाहेरच्या बाकावर आमची बैठक बसली. मामांचं मत ऑपरेशनला, एकदाच काय ते कापून मोकळं व्हावं. बायको म्हणाली, "डॉक्टरांचा कल केमोकडं आहे ना? मग केमोच घ्या. पोटावर टाके घेऊन तुम्ही महिनाभर कण्हत पडणार, मला नाही ते ऐकवणार." कुणीतरी असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी केमो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वीर्य गोठवायच्या सेंटरच्या छोट्या खोलीत हातात डबी घेऊन मी बसलो होतो. दारावर टकटक झाली.

"झालं का? च्या गार व्हायलाय," बाहेरून मामा.

"तुम्ही प्या, मामा."

"आबा म्हंत्यात, गडबड करू नगो."

मी तोंडावर हात दाबून हसलो. मग जरा रडलोही. काम उरकायला त्यानंतर बराच वेळ लागला.

केमोच्या तीन फेऱ्या झाल्या. केस गेले, चव गेली, कानात शिट्टी वाजायला लागली. नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ विरलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, आता परत नुसती नजर ठेवायची. घरी येताना केएमटीच्या बसमध्ये बायको माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपली. आमचा स्टॉप गेला. मी तिला उठवलं नाही.