डाव्या बाहीची घडी

बोलता बोलता डाव्या बाहीला एक घडी घालायची आणि म्हणायचं, "बसतंय की!" ऑकलंडच्या आमच्या हॉस्पिटलात काकांना ओळखायला एवढी खूण पुरे होती. ते वॉर्डात नर्स, मी फार्मसीत. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, मूळचे मिरजेचे.

ड्यूटी गैरसोयीची लागली, "बसतंय की!" नवे बूट चावले, "बसतंय की!" लहानपणी चिंचेवरून पडून डावा हात मोडला आणि जोडला गेला तो दोन बोटं आखूड. हाडवैद्यही बहुधा "बसतंय की" म्हणूनच उठला असावा. तेव्हापासून काकांना कुठलाच सदरा नीट आला नाही. आधी थोरल्या भावाचे उतरलेले, मग हॉस्पिटलचा गणवेश. जगाच्या मापात स्वतःला मुकाट बसवून घेणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मला मात्र त्यांचा कधी कधी रागच यायचा.

म्हणून निवृत्तीला तीन महिने उरले असताना ते फार्मसीच्या खिडकीशी येऊन कुजबुजले, तेव्हा मी चाटच पडलो.

"ऐक. इंग्लंडचा शर्टवाला आलाय शहरात. पिढीजात धंदा आहे त्यांचा. हॉटेलात दोन दिवस मापं घेतोय. निरोपाच्या दिवशी मला माझ्या मापाचा शर्ट घालायचाय रे, आयुष्यात एकदा तरी. एकट्याला लाज वाटते. येतोस?"

"काका, हे काय विचारणं झालं!"

हॉटेलच्या त्या खोलीत शिरलो आणि मी स्वतःच वेडा झालो. टेबलभर कापडाचे नमुने, निळ्यातच किती निळे! एका बाजूला तयार शर्टांची रांग. मधोमध गळ्यात टेप अडकवलेला सत्तरीचा सडसडीत कटर. विमानतळावर शिकलेला माओरी नमस्कार, "किआ ओरा", तो येईल त्याला ऐकवत होता.

"लेफ्ट स्लीव्ह आय फोल्ड. नो प्रॉब्लेम. बसतंय की!" काकांनी सवयीने सांगून टाकलं.

म्हाताऱ्याने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, चालवून घेऊ असं म्हणताहेत. तो एकदम गंभीर झाला. हे वाक्य आमच्या दुकानात चालत नाही, म्हणाला, आणि मापं घ्यायला लागला. दोन्ही हात वेगवेगळे मोजले, दोन्ही खांदे वेगवेगळे, घड्याळासकट मनगटसुद्धा. काका श्वास रोखून उभे होते.

"पस्तीस वर्षं लोकांचे चार्ट भरले," लिफ्टमध्ये ते म्हणाले, "आज कुणीतरी माझा भरला." आणि लहान मुलासारखे हसले.

त्या दुकानाची रीत अशी, की पहिल्या खेपेला चार शर्ट घ्यायचे. आधी एक कच्चा शर्ट शिवून येतो. तो घालायचा, तीनदा धुवायचा आणि परत पाठवायचा. मग त्यावरून पक्के बेतायचे. कच्चा शर्ट आला. कॉलर तर अशी नेमकी, की काका दिवसभर मान ताठ ठेवून फिरले. तीन धुणी झाली, शर्ट परत गेला आणि आठवड्याने इंग्लंडहून मेल आला. काका मोबाइल नाचवत धावत खिडकीशी आले.

"वाट लागली! वाच हे!"

कटरने लिहिलं होतं, कॉलरच्या आत रक्ताचा डाग दिसला. मान घासतेय, आम्ही दिलगीर आहोत. उद्या सकाळी कॉलर सैल करून चारही शर्ट कापायला घेतो.

"काका, मान घासत होती?"

"कुठली घासतेय! अरे, ते कुंकू आहे! तुझ्या काकूने नव्या कपड्याला बोट लावलं. तीनदा धुतलं तरी गेलं नाही!"

तिकडे दुकान उघडायच्या आत मेल पोचायला हवा होता. जेवणाचा डबा बाजूला ठेवून मी लिहिलं, की ते रक्त नाही, काकूंनी लावलेलं कुंकू आहे. आमच्यात नवं कापड अंगावर घालण्याआधी त्याला कुंकू लावतात, घालणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून. कृपा करून कॉलरला हात लावू नका. त्या दुपारी काका दहा वेळा तरी खिडकीशी आले. "आलं का उत्तर?" शेवटी मीच त्यांना हाकललं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, दोनच ओळींचं. कॉलर आहे तशीच ठेवतो. काकूंचे आभार.

निरोपाच्या दोन दिवस आधी खोकं आलं. हिल्सबरोच्या त्यांच्या घरी आम्ही तिघांनी ते उघडलं. काकू करंडा घेऊन तयारच होत्या. त्यांनी कॉलर उलटली आणि त्यांचं बोट तिथेच थांबलं. आत, बरोबर त्याच जागी, लाल दोऱ्याचा एक इवलासा टाका होता. चारही शर्टांना.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "शर्टवाल्याने आधीच लावलं की!"

निरोपाला काका बोलायला उभे राहिले. उजवा हात सवयीने डाव्या बाहीकडे गेला. कफ मनगटावर नेमका बसला होता. घडी घालायला काही उरलंच नव्हतं. हात तिथेच घुटमळला, डोळे भरून आले आणि भाषण राहिलंच. मागून त्यांच्या वॉर्डातली सामोअन सिस्टर ओरडली, "लुकिंग स्वीट ॲज, डार्लिंग!" इकडच्या बोलीत, एकदम झकास! सगळा वॉर्ड हसला आणि मी नाक पुसलं.

आता काका मिरजेला असतात. मंडईत भाजी आणायलाही तोच शर्ट घालून जातात, असं काकू फोनवर कौतुकाने तक्रार करतात. वॉर्डाच्या बाजूला गेलो की मला ते फार आठवतात.

परवा म्हातारा कटर पुन्हा आला. मी तयार शर्टच घ्यायचा म्हणून गेलो होतो. त्याने आधी काकांची चौकशी केली. मिरजेला त्याचा शर्ट रोज मंडईत जातो हे ऐकून तो खूश झाला. मग मी रांगेतला एक निळा शर्ट चढवला. सुंदर होता, फक्त बाह्या अंगठ्यापर्यंत येत होत्या. मी एक घडी घातली, आरशात पाहिलं आणि तोंडातून आपसूक निघालं, "बसतंय की!"

मराठीतलं तेवढंच एक वाक्य ठाऊक असलेल्या म्हाताऱ्याने मान हलवली आणि गळ्यातला टेप काढला.