अक्षय्य तृतीयेची गाडी

फसवणूक माझ्या वडिलांची झाली. दोन वर्षांपूर्वी, अक्षय्य तृतीयेला, सकाळी पावणेबारा वाजता, बनारसमधल्या एका शोरूमच्या दारात. फसवणारा मंदारदादा: त्या शोरूमचा विक्रेता, आमच्याच गल्लीतला, घरात मराठी बोलणारा, माझ्या आईच्या पुरणपोळ्या खाऊन मोठा झालेला. हे आधीच लिहून टाकते. पुढे घराच्या आठवणी येतील आणि मुख्य गोष्ट बाजूला राहील. तसं व्हायला नको.

मी काशी सोडली ती त्याच दिवशी. पुण्यात मोटार विम्याच्या कचेरीत नोकरी लागली होती, चार वाजताची ट्रेन होती. आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, हट्ट होता की लेकीला ऑटोनं नाही, नव्या गाडीतून स्टेशनवर सोडायचं. त्यांना पांढरी हवी होती. ती दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि तृतीया आजच बाराला संपत होती. मंदारदादा म्हणाला, "आण्णा, आज बाराच्या आत हवी तर ही राखाडी आहे. अगदी ताजी. उद्यावर ढकलायचं तर मुहूर्त तुम्ही सोडताय, मी नाही." आण्णांनी राखाडी घेतली. जगाला मुहूर्त काढून देणाऱ्या माणसाला मुहूर्ताचीच घाई लावली गेली.

मंगला गौरीजवळच्या आमच्या गल्लीत मोटार येत नाही. समोरून गाय आली तर माणसानंच भिंतीला चिकटायचं. म्हणून पूजा मैदागिनला, गल्लीबाहेरच्या भर रस्त्यात. आई तबक घेऊन चालत आली. आण्णांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, स्टिअरिंगवर काढलं, मग दार उघडून आतल्या खांबावरही काढलं, "इथं रोज हात लागतो" म्हणून. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक रिक्षावाला म्हणाला, "पंडितजी, अब चलिए भी, भगवान ने देख लिया." आण्णा हसले आणि त्यालाही पेढा दिला. स्टेशनवर मला म्हणाले, "तिथे जाऊन भांडू नकोस. विद्यापीठाच्या दारात पत्रकं वाटलीस तेवढी पुरे झाली."

आण्णा उपाध्याय. साताऱ्याकडची, नगरकडची घराणी काशीला आली की आमच्याकडेच उतरतात, कारण त्यांच्या पणजोबांचं नाव आमच्या वहीत आहे. पंचगंगेवरचं श्राद्ध आण्णाच करतात. शेजारच्या उपाध्यायाकडे दक्षिणा कमी पडेल का, हे कुणी विचारत नाही. यजमान उपाध्याय बदलत नाही. बदलला तर दोघांनाही शरम. आण्णांनी हाच नियम मोटारकंपनीला लावला. पहिली व्हॅन त्या कंपनीची, दुसरी गाडी त्याच कंपनीची, म्हणून तिसरीही. दुसऱ्या शोरूमची पायरी चढले नाहीत. सांगितली ती किंमत दिली. ज्याला आयुष्यभर लोकांनी भाव विचारला नाही, त्यानं कुणाला भाव विचारला नाही. ही चूक आमच्या गल्लीतलाच माणूस करू शकतो. आणि तो ती करणार, हेही आमच्या गल्लीतल्याच माणसाला ठाऊक असतं.

वर्षभरानं मंदारदादाही पुण्याला आला, बढतीवर, मोठ्या शोरूममध्ये. आण्णांचा फोन आला, "आपला माणूस आलाय तिथे. एकटी पडू नकोस." त्यानंच मला त्याच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपमध्ये नेलं. रविवारी सकाळी महामार्गाकडेच्या मिसळीच्या हॉटेलापुढे दहा-बारा गाड्या लागायच्या आणि भांडणं सुरू व्हायची. एक म्हणायचा, "तुझी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. शिंकलं तरी पोचा येईल." दुसरा म्हणायचा, "आणि तुझ्या दणकट गाडीचा हप्ता भरला की घरभाडं बायको भरते, ते सांग की." मग वाढलेल्या किमती, पेट्रोल, सोसायटीचं पार्किंग, सर्व्हिसवाल्यानं विनाकारण बदललेले पार्ट. कंपनीवरून असे भांडायचे की वाटावं कुळाचा अपमान झालाय. बसनं फिरणारी मी एकटीच होते, तरी मला तिथे बरं वाटायचं. पुण्यात भाड्याची खोली होती, पण घरासारखं काही असेल तर तो रविवारच होता.

एका रविवारी कुणीतरी विचारलं, जुना स्टॉक खपवता कसा? मंदारदादा पाव मोडत म्हणाला, "सणाला यार्ड साफ होतं. मुहूर्ताला माणूस गाडी बघत नाही, घड्याळ बघतो. बनारसला असताना एक राखाडी पडून होती, कुणी हात लावत नव्हतं. अक्षय्य तृतीयेला पूर्ण किमतीत गेली. वर गिऱ्हाइकानं मलाच आशीर्वाद दिला."

सगळे हसले. मीही हसले. लिहिताना लाज वाटते, पण हसले. मी टेबलाच्या टोकाला बसले होते. मी आहे हे तो विसरला असेल, किंवा मला काय कळतंय असं त्याला वाटलं असेल. 'राखाडी' हा शब्द माझ्या कानात घास गिळल्यावर शिरला.

दाराच्या आतल्या खांबावर एक पट्टी असते, तिच्यावर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते असतं. कचेरीत मी दिवसभर तेच वाचते. किती जणांच्या गाड्यांचं वाचलं. आण्णांच्या गाडीचं नाही वाचलं. आईला फोन केला, ती मैदागिनच्या पार्किंगपर्यंत चालत गेली.

"अगं, इथं तर आण्णांचं स्वस्तिक आहे. कुंकू जमलंय, पढता येत नाहीये."

"पूस."

"पूजेचं कसं पुसू?"

"आई, पूस."

तिनं पदराचं टोक ओलं करून पुसलं आणि वाचून दाखवलं. सतरा महिने. आम्ही रस्त्यात पेढे वाटले त्याच्या सतरा महिने आधी ती गाडी बनली होती आणि उन्हापावसात उभी होती. पहिल्याच थंडीत राजघाटच्या पुलावर बॅटरी बसली होती, तेव्हा मागच्या सीटवर अस्थींचा कलश मांडीवर घेतलेले यजमान होते. आण्णांनी थंडीला दोष दिला आणि यजमानांची माफी मागितली. माफी आण्णांनी मागितली, हे लक्षात ठेवा.

मंदारदादाला विचारलं. तो म्हणाला, "गौरे, कागदावर महिना छापलेला होता. आण्णांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. टार्गेट होतं गं. आता एक फ्री सर्व्हिस लावून देतो, विषय संपव."

मी ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर सगळं लिहिलं. दोन दिवस चर्चा झाली. फसवणुकीवर नाही. डिस्काउंट मागायचा असतो, रिसेलला किती फरक पडेल, डोळे मिटून एकच ब्रँड धरला की असंच होतं, यावर. "काकांनी जरा रिसर्च करायला हवा होता," असं एकानं हसऱ्या चेहऱ्यासकट लिहिलं. तिसऱ्या दिवशी माझा मजकूर गायब आणि मीही ग्रुपबाहेर. नव्या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह या मंडळींना सगळ्यांच्या आधी मंदारदादाच मिळवून देतो. त्यांची निष्ठा तेवढ्यात विकत मिळते.

आण्णांना मीच सांगितलं. फोनवर मागे घाटावरची घंटा ऐकू येत होती. ते म्हणाले, "त्याच्या आजोबांना मणिकर्णिकेवर मी नेलं. तेरा दिवस सगळं केलं." आणि मग, "गौरी, तूच सांग, मी कुणाकडून घ्यायची होती?"

माझ्याकडे उत्तरं होती. तीन शोरूम फिरायची, पट्टी वाचायची, पावतीवर लिहून घ्यायचं. पत्रकात छापावीत अशी उत्तरं. एकही त्या प्रश्नाचं नव्हतं.

ते अजून रोज सकाळी गाडी पुसतात. यजमानांना आणायला तीच नेतात. खांबावर स्वस्तिक मात्र पुन्हा काढलेलं नाही.

पूर्वी मला कुणी विचारलं असतं, तर घर म्हणजे जिथे भाव विचारावा लागत नाही ती जागा, असं मी म्हटलं असतं. तीच जागा पुण्यात शोधत मी त्या टेबलापर्यंत गेले. आता घर म्हटलं की मला गल्ली दिसत नाही, घाट दिसत नाही. मैदागिनच्या पार्किंगमधलं उघडं दार दिसतं, आणि आईनं पुसल्यावर उरलेला तो लालसर डाग.

आमच्या गल्लीतले तुम्ही, जे काशीतच राहिलात, गाडी घेताना पट्टी वाचा, समोर सख्खा भाऊ असला तरी. पण मला खरं मागायचंय ते माझ्यासारख्या निघून आलेल्यांकडे. तुमच्यापैकी कुणीतरी 'आपला माणूस' या शब्दावर काहीतरी खपवलंय. गाडी, फ्लॅट, पॉलिसी. ज्यानं तुम्हाला भाव विचारला नाही, त्याचा नंबर तुमच्याकडे आहे. मंदारदादा, तुझ्याकडेही आहे. फ्री सर्व्हिस नको. आज फोन लावा. आधी खरा महिना सांगा, मग माफी मागा.