काका, बादली आणि साहेबांचं छत

आमच्या समोर राहणाऱ्या काकांइतका सरळ रेषेवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये सापडायचा नाही. दोन हजार चारच्या सुमारास आम्ही नोव्हायला राहायला आलो, तेव्हा ते रिटायर झालेले ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी ते एका स्लोव्हाक आर्किटेक्टच्या हाताखाली नकाशे काढत. ते 'साहेब' जाऊन वीस वर्षं झाली होती, पण काका अजून त्यांच्या धाकात. साहेबांना पडदे आवडत नाहीत, म्हणून घरात एकही पडदा नाही, आणि काकू बिचाऱ्या दुपारी गॉगल लावून आडव्या व्हायच्या. एकदा मंडळाने गणपतीचं मखर काकांवर सोपवलं, तर त्यांनी नुसती पांढऱ्या फळ्यांची चौकट उभी केली. ना झालर, ना फूल. "बाप्पाला ॲडमिट केलंय की काय?" माझी बायको पुटपुटली. काका म्हणाले, "मूर्तीकडे लक्ष जातंय ना?" खोटं कशाला बोलू, जात होतं.

लोक पाहुण्यांना नायगारा दाखवतात. काका शेजारच्या गावातली, साहेबांनी डिझाइन केलेली लायब्ररी दाखवत. दुपारी चारला लांबलचक खिडकीतून ऊन टेबलांवर उतरतं, ते बघायला सगळ्यांना गपचूप उभं करत. मीही उभा राहिलोय आणि घरी येऊन आमचे पडदे काढावेत का, असा विचार केलाय. छत मात्र सपाट आणि गळकं. पाऊस लागला की काका बादली घेऊन ड्राइव्ह करत निघालेच.

शेवटी गावाने ती इमारत पाडायचं काढलं. मीटिंगमध्ये एक बाई म्हणाल्या, "ज्याला धड छत बांधता येत नाही, तो कसला आर्किटेक्ट?" काका उठले. मला वाटलं, आता खिडकीचं पुराण. पण त्यांनी पिवळा पडलेला एक नकाशा उलगडला.

"साहेबांनी छताला उतार सांगितला होता. मला रेघ सरळ छान दिसली, म्हणून मी तो काढलाच नाही. त्यांनी विश्वासाने सही केली. कळलं तेव्हा स्लॅब टाकून झाला होता. दोष त्यांनी स्वतःवर घेतला, मी घेऊ दिला. चूक माझी आहे, शिक्षा इमारतीला नको."

हे काकूंनाही ठाऊक नव्हतं. त्या नकाशातली ती सरळ रेघ बघत बसल्या.

इमारत वाचली. नवं छत घातलं, त्याचा उतार काकांनीच काढून दिला. तरी पुढच्या पावसात ते बादली घेऊन निघाले. मीही सोबत गेलो. तासभर आम्ही टेबलाशी बसलो.

"काका, आता गळत नाही ना?"

"नाही रे," कोरड्या बादलीत बघत ते म्हणाले, "पण हे साहेबांना दाखवायचं राहिलं."