वासावरचे पाच भुंगे

अख्ख्या वऱ्हाडात घरी पाच नाकं पाळणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य. साडभाऊ अकोल्याला राहतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून रिटायर झाले, तरी घरात सोल्डरिंग चालूच. करोनात त्यांना वास येईनासा झाला, तो परत आलाच नाही. एकदा स्वयंपाकघरात गॅस गळत होता आणि हे तिथेच निवांत पेपर वाचत बसलेले. चहासाठी लायटर उचललं, तेवढ्यात अक्का, म्हणजे त्यांच्या सौ. आणि माझी मोठी मेहुणी, देवळातून आल्या म्हणून अनर्थ टळला. त्या दिवसापासून अक्कांनी लायटर कमरेला खोचलं. लग्नापासून सकाळचा चहा साडभाऊंच्या हातचा असे, तो बंद झाला. जेवण बंद झालं असतं तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

मग त्यांनी तळहातावर मावतील असे पाच ड्रोन बांधले. त्यांना ते भुंगे म्हणतात. एकाला गॅसचा वास लागला की तो बाकीच्यांना कळवतो, आणि वास जास्त असेल तिथे पाचही गोळा होतात, गल्लीत भांडण लागल्यावर शेजारी होतात तसे. "एकानं नसतं भागलं?" मी विचारलं. "एकट्याचं नाक धोका देते, साडभाऊ. मले इचार," ते म्हणाले.

नातवाच्या बारशाला त्यांनी पाहुण्यांसमोर प्रयोग मांडला. अंगणाच्या कोपऱ्यात सिगारेटच्या लायटरमधला थोडा गॅस सोडला. भुंगे उडाले, कोपरा ओलांडून गेले आणि चांदूर रेल्वे गावाहून आलेल्या मामांभोवती घुमू लागले. मामा नुकतेच मागल्या दारानं 'थोडीशी' घेऊन आले होते. "हे माह्याच मांगं काहून लागून राहिले?" ते म्हणाले. "त्याइले दारूचाबी वास येते, मामाजी," साडभाऊंनी शांतपणे खुलासा केला. मामींनी पुढचा कार्यक्रम हातात घेतला.

यंदा दिवाळीनंतर आम्ही अमरावतीहून त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळच्या फेरीला निघालेले भुंगे सरळ ओट्याखाली शिरले आणि गॅसच्या नळीपाशी थांबले. "मले तं काहीच वास येत नाही," अक्का म्हणाल्या. साडभाऊंनी नळीला साबणाचं पाणी लावलं, तर बारीक बुडबुडे. नळी बदलून झाली. अक्कांनी कमरेचं लायटर काढून त्यांच्या हातात दिलं. "जा, चाय मांडा."

त्यांनी मांडला. दूध पार बुडाला लागलं, करपल्याचा वास अंगणापर्यंत आला, पण तो काही भुंग्यांच्या खात्यातला नव्हता. साडभाऊंनी सवयीनं कप नाकाशी नेला आणि अक्कांकडे पाहिलं. "कसा झाला?"

भाजीत मीठ कमी पडलं तरी तीन घरं ऐकतील असं बोलणाऱ्या आमच्या अक्का. त्यांनी कप रिकामा केला आणि म्हणाल्या, "पयल्यासारखाच."

मीही माझा कप मुकाट्यानं संपवला.